कुणीच खोटं बोललं नव्हतं

१९७७ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये एक शोधनिबंध आला. यांग, त्साकालाकोस आणि हिलियर्ड, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले संशोधक. त्यांनी सोनं आणि निकेल यांचे आलटून पालटून थर देऊन एक पातळ पापुद्रा बनवला होता. सोनं, निकेल, सोनं, निकेल, असं शेकडो वेळा. एका जोडीची जाडी साधारण दोन नॅनोमीटरच्या घरात, म्हणजे नऊ-दहा अणू एकावर एक रचले तर होईल तेवढी. हा पापुद्रा त्यांनी दाब देऊन ताणला, आणि त्याचा ताठपणा अपेक्षेच्या दुपटीहून जास्त निघाला. तांबं आणि पॅलेडियमच्या जोडीतही तसंच काहीसं दिसलं.

हे किती चक्रावून टाकणारं होतं ते कळायला ताठपणा म्हणजे काय ते आधी नीट बघावं लागेल. वस्तू थोडी ओढली की ती विरोध करते आणि सोडली की परत जागेवर येते. हा विरोध किती, ते सांगणारा आकडा म्हणजे शाळेच्या पुस्तकातला ‘स्थितिस्थापकता गुणांक’. मजबुती वेगळी. लोहार लोखंड तापवतो, पाण्यात बुडवतो, ठोकतो, त्यानं मजबुती बदलते, कुठे वाकेल आणि कुठे तुटेल ते बदलतं. पण ताठपणा जवळपास ढिम्म हलत नाही. तो अणू-अणूंमधल्या बंधांतून येतो, आणि ते बंध लोहाराच्या हातोड्याला जुमानत नाहीत. दोन धातू एकत्र केले तर उत्तर दोघांच्या मधे कुठेतरी यावं, एवढीच माफक अपेक्षा असते. नुसती थरांची जाडी बदलून हा आकडा दुप्पट होत असेल, तर धातूच्या स्वभावालाच हात घालता आला म्हणायचं.

या परिणामाला नाव पडलं ‘सुपरमॉड्युलस’. नाव पडलं की गोष्ट निम्मी खरी वाटायला लागते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो परिणाम जवळपास विरून गेला होता. दुप्पट-तिप्पट वाढ काळजीपूर्वक केलेल्या मोजमापांत दिसेना. कुणाची चौकशी झाली नाही, कुणाची पदवी गेली नाही, आणि ते योग्यच होतं, कारण कुणी काही लपवलं नव्हतं, आकडे रंगवले नव्हते. बेल लॅब्जमधल्या यान हेंड्रिक श्योनचं २००२ मधलं प्रकरण वाचताना आपल्याला एक सोय असते: त्यानं आकडे बनवले, तो दोषी, विषय संपला. इथे ती सोय नाही. प्रामाणिक माणसांनी प्रामाणिकपणे मोजलं, जे दिसलं ते छापलं, आणि इतर प्रामाणिक माणसांनी पुढची पंधराएक वर्षं त्यावर काम केलं. मग चुकलं ते नक्की कुणाचं? की चुकलं म्हणण्यासारखं काही घडलंच नाही?

आपल्याकडे न्यायदर्शनात ‘आप्त’ असा शब्द आहे. ज्याचं सांगणं पुरावा म्हणून धरता येतं, तो आप्त. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. त्याला ती वस्तू खरोखर माहीत असायला हवी, आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची त्याची इच्छा हवी. आज मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. शब्दाचा हा प्रवास मला मोठा गमतीचा वाटतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका जे पाठवतात ते आपण कितीदा पहिली अट न तपासता, केवळ दुसरीच्या भरवशावर मानतो! काका मुद्दाम खोटं बोलणार नाहीत हे खरंच असतं. प्रश्न तो नसतोच.

तर सुपरमॉड्युलसच्या गोष्टीत दुसरी अट सगळ्यांनी पाळली. पहिलीचं काय?

त्यासाठी ते मोजमाप कसं होतं हे बघू. पद्धत दिसायला सोपी आहे. गोल छिद्रावर पापुद्रा घट्ट बसवायचा, खालून दाब द्यायचा, म्हणजे तो पुरीसारखा फुगतो. किती दाबाला किती उंच फुगला हे नोंदवायचं आणि त्यावरून ताठपणा काढायचा. इंग्रजीत हिला बल्ज टेस्ट म्हणतात, आपण फुगवण चाचणी म्हणू. पण या चाचणीच्या गणितात एक चावट गोष्ट आहे. पापुद्रा बऱ्यापैकी फुगला की ताठपणाच्या सूत्रात उंचीचा घन येतो आणि छिद्राच्या त्रिज्येचा चौथा घात. म्हणजे उंची १० टक्क्यांनी कमी मोजली गेली तर ताठपणा जवळपास ३७ टक्क्यांनी जास्त दिसणार. त्रिज्या ३ टक्क्यांनी जास्त धरली तर उत्तरात १२-१३ टक्क्यांची भर. इतक्या पातळ पापुद्र्याच्या बाबतीत या चुका हास्यास्पद मोठ्या नाहीत. सहज होण्यासारख्या आहेत.

त्याहून वाईट म्हणजे सुरुवात. दाब शून्य असताना पापुद्रा सपाट आहे असं आपण धरतो. पण तो आधीच किंचित फुगलेला असेल आणि त्या फुगलेल्या जागेलाच आपण शून्य म्हटलं, तर पुढची वाढ कमी भरते आणि पापुद्रा आहे त्यापेक्षा ताठ वाटतो. उलट तो सैल किंवा सुरकुतलेला असेल तर आणखी वेगळे घोळ. आणि पापुद्र्याच्या आत जो ताण कोंडलेला असतो तो थरांच्या जाडीप्रमाणे बदलू शकतो. म्हणजे चूकसुद्धा थरांच्या जाडीप्रमाणे बदलू शकते. ही फार घातक गोष्ट आहे. वेडीवाकडी, कशीही येणारी चूक ओळखू येते. नियमानं येणारी चूक निसर्गनियमासारखी दिसते.

आता प्रकाशाकडे येऊ. या सगळ्या गोष्टीतली सर्वांत देखणी मोजणी प्रकाशानं केलेली आहे.

बाजारात मडकं घेताना आपण ते टिचकी मारून वाजवून बघतो. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा गेलेला. ही ताठपणाचीच परीक्षा आहे. वस्तूतून आवाज किती वेगानं जातो हे तिच्या ताठपणावर आणि घनतेवर ठरतं. पण केसाहून कितीतरी पातळ पापुद्र्याला टिचकी कशी मारणार? मारायची गरजच नाही, कारण तो स्वतःच वाजत असतो. खोलीच्या तापमानाला प्रत्येक घन वस्तूतले अणू थरथरत असतात, आणि त्या थरथरीतून वस्तूच्या पृष्ठभागावर सतत बारीक लाटा धावत असतात. एकेका लाटेची उंची अणूच्या जाडीहूनही कितीतरी कमी. तुमच्या हातातल्या फोनच्या काचेवर या क्षणी त्या धावत आहेत. आपल्याला ऐकू येत नाहीत इतकंच.

अशा लाटांवर प्रकाश पडला तर त्यातला अगदी थोडा भाग विखुरतो, आणि विखुरताना त्याचा रंग किंचित बदलतो. जवळ येणाऱ्या लाटेमुळे कंपनसंख्या जराशी वाढते, दूर जाणाऱ्या लाटेमुळे कमी होते. रेल्वेचा भोंगा जवळ येताना बारीक आणि दूर जाताना जाड ऐकू येतो, तसंच. फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑन ब्रिल्वाँ यांनी १९२२ मध्ये हे गणितानं मांडलं. रशियात मांडेलश्टाम यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार केला होता. १९२८ मध्ये कोलकात्यात रामन यांना जे दिसलं ते याचंच भावंडं म्हणता येईल. रामन परिणामात रेणूंची आतली कंपनं प्रकाशाचा रंग बदलतात, ब्रिल्वाँ विकिरणात वस्तूभर पसरलेल्या ध्वनिलाटा. फरक असा की इथे रंगातला बदल फारच इवलासा असतो. ५१४.५ नॅनोमीटरचा हिरवा लेझर घ्या. त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ५८३ लाख कोटी. धातूच्या पृष्ठलाटेमुळे तीत होणारा बदल सात-एक गिगाहर्ट्झ, म्हणजे साधारण ८५ हजारांत एक भाग. आणि हे ओळखायचं कशाच्या गर्दीतून, तर पृष्ठभागावरून तसाच, न बदलता परतणाऱ्या प्रकाशाच्या लोंढ्यातून.

सत्तरच्या दशकात जॉन सँडरकॉक यांनी यासाठी एक उपकरण घडवलं. समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांमधून एकच प्रकाश पुन्हा पुन्हा जाऊ द्यायचा, म्हणजे प्रत्येक फेरीत नको असलेला रंग आणखी गाळला जातो. तेव्हापासून अपारदर्शक धातूंचा हा कुजबुजता आवाज ऐकणं शक्य झालं. धातूत प्रकाश जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर आत शिरतो, त्यामुळे तो मुख्यतः पृष्ठभागावरच्या लाटांबद्दलच सांगतो. याच लाटांचं गणित लॉर्ड रॅली यांनी १८८५ मध्ये केलं होतं, आणि भूकंपात जमीन उचलून टाकणाऱ्या लाटांचा एक प्रकार तोच आहे. लेझर कोणत्या कोनातून टाकला हे माहीत असलं की लाटेची लांबी कळते. ६० अंशांना ती ३०० नॅनोमीटरच्या आसपास येते. रंगातल्या बदलावरून तिची कंपनसंख्या कळते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वेग. वेगावरून ताठपणा. वस्तूला हात लावलेला नाही, चिमट्यात धरलेलं नाही, फुगवलेलं नाही.

अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा शिकागोच्या नैऋत्येला आहे आणि नॉर्थवेस्टर्न शिकागोच्या उत्तरेला, म्हणजे एकाच महानगराच्या दोन बाजूंना. अरगॉनमधल्या ग्रिम्सडिच, शुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबं आणि नायोबियमच्या थरांवर हा प्रकाश टाकला आणि १९८२ मध्ये निष्कर्ष छापले. थर काही नॅनोमीटरपर्यंत पातळ झाले की पृष्ठलाटेचा वेग खाली येत होता. आलेखात चक्क एक खड्डा होता. म्हणजे पापुद्रा मऊ झाला होता!

इथे एक सुंदर बोधकथा हातात येऊ बघते. बळ लावून विचारलं तेव्हा वस्तूनं विचारणाऱ्याला हवं ते सांगितलं, हळुवारपणे ऐकलं तेव्हा खरं सांगितलं. पोलिसी खाक्या आणि समुपदेशन. ही गोष्ट लिहायला घेतली तर परिच्छेद आपोआप होतात, आणि फॉरवर्डही भरपूर होतील. मला ती पटत नाही, कारण ती खोटी आहे.

पहिलं म्हणजे प्रकाशाला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. फुगवण चाचणी पापुद्र्याला त्याच्या पातळीत चहूबाजूंनी ताणते. पृष्ठलाटेचा वेग मुख्यतः ठरतो तो थर एकमेकांवर किती सहज घसरतात यावर. पत्त्यांचा कॅट हातात घ्या. तो लांबीला ओढून ताणणं जवळपास अशक्य, पण वरचा पत्ता खालच्यावरून सरकवणं अगदी सोपं. दोन्ही ताठपणेच, पण दोन वेगळे. तेव्हा तांबं-नायोबियमचा खड्डा दाखवून ‘बघा, सोनं-निकेलवाले चुकले’ असं म्हणणं म्हणजे एका साक्षीदाराच्या जबाबानं दुसऱ्याच खटल्याचा निकाल लावणं. धातूही वेगळे होते. प्रकाश खोटं बोलला नाही, पण तो या प्रकरणाबद्दल बोलतच नव्हता.

दुसरं, हळुवार पद्धतीलाही गृहीतकं लागतातच. घनता किती, पापुद्रा पुरेसा जाड आहे ना, की लाट खालच्या काचेपर्यंत पोचून तिचाही स्वभाव मिसळते आहे, स्फटिकांची रचना कशी, हे सगळं धरल्याशिवाय वेगावरून ताठपणा निघत नाही. निसर्ग कुणालाच थेट उत्तर देत नाही.

दरम्यान सिद्धांतवाले गप्प बसले नव्हते. दुप्पट ताठपणाची कारणं सुचवली जात होती. एक मत असं की थरांच्या ठरावीक अंतरामुळे धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत फरक पडतो. यात ‘ब्रिल्वाँ क्षेत्र’ नावाची कल्पना येते, तेच ब्रिल्वाँ. एकाच माणसाच्या नावाची एक कल्पना परिणाम समजावून सांगत होती आणि त्याच्याच नावाचं दुसरं तंत्र वेगळंच काही दाखवत होतं, हा योगायोग मला आवडतो. दुसरं मत असं की शेजारच्या थराशी जुळवून घेताना अणूंच्या जाळीवर जो ताण येतो त्यानं ताठपणा वाढतो. तिसरं, थरांच्या सीमांवरच एक पृष्ठीय ताण असतो आणि तो सगळा पापुद्रा आवळतो. चौथं, सीमांवरची अव्यवस्थाच कारणीभूत आहे. यातली काही मतं फार कल्पक आहेत आणि त्यातलं काही पुढे इतर ठिकाणी उपयोगीही पडलं. पण इतकी कारणं मिळाली हाच एक इशारा होता असं मला वाटतं. आपल्याकडे एखाद्या बाबांचा चमत्कार सांगितला जातो, तेव्हाही तो झाला कसा यावर चार मतं असतात. झाला का, हा प्रश्न पाहुण्यासारखा दारात उभा राहतो.

मग तो प्रश्न आत आला कसा? मला या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग तो वाटतो, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

स्टॅनफर्डमध्ये विल्यम निक्स यांच्या गटानं ती फुगवण चाचणीच पुन्हा हातात घेतली. दुसरी, जास्त चकचकीत पद्धत वापरून पहिलीला बाद केलं नाही. १९९२ मध्ये स्मॉल आणि निक्स यांनी या चाचणीची अचूकता संगणकावर गणित करून तपासली: सुरुवातीची उंची धरली नाही तर काय होतं, सुरकुत्या असतील तर काय, आतला ताण असेल तर काय. दोष कुठे शिरू शकतो हे त्यांनी चाचणीच्या आत जाऊन शोधलं. मग काळजी घेऊन चांदी-पॅलेडियमचे थर त्याच पद्धतीनं मोजले, आणि मोठी वाढ दिसली नाही. त्याआधी १९९१ मध्ये नॉर्थवेस्टर्न आणि अरगॉन इथल्या शास्त्रज्ञांनी मिळून तांबं-पॅलेडियम आणि तांबं-निकेल यांच्या थरांचे सगळे ताठपणे वेगवेगळ्या तंत्रांनी मोजले होते. तिथेही सुपरमॉड्युलस सापडला नव्हता. लक्षात घ्या, जिथून दावा निघाला त्याच विद्यापीठातली माणसं या मोजणीत होती.

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे तो वाद. केवळ जिंकायचं आहे तो जल्प. आणि स्वतःचं काही मांडायचं नाही, समोरच्याचं फक्त पाडायचं, ती वितंडा. मराठीत ‘वाद’ म्हणजे भांडण झालं आणि ‘वितंडवाद’ म्हणजे फुकटची हुज्जत, पण मूळची वाटणी अशी होती. आजच्या आपल्या ऑनलाइन चर्चा बघितल्या तर पहिला प्रकार जवळपास नामशेष झालेला दिसतो. समोरच्याच्या म्हणण्याला आपण आपल्या पुराव्यानं उत्तर देतो. त्याचा पुरावा आत शिरून तपासत नाही. तो एक लिंक टाकतो, आपण दुसरी टाकतो. आपली लिंक बरोबर असेलही, पण त्यानं त्याची चूक कुठे झाली हे ना त्याला कळतं ना आपल्याला.

निक्स यांच्या गटानं केलं ते पूर्वपक्ष करणं होतं. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नीट मांडायचं, त्याच्याच साधनानं, त्याच्याच अटींवर, आणि मग कुठे निसटतं ते दाखवायचं. यात एक धोकाही असतो आणि तो पत्करावा लागतो: नीट मोजल्यावर त्याचंच बरोबर निघू शकतं. त्या शक्यतेला दार उघडं ठेवूनच हे काम करता येतं. बाहेरून दगड मारणाऱ्याला हा धोका नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे. १९७७ च्या त्या तिघांवर काही नैतिक दोष येतो का? माझं उत्तर, नाही. त्यांनी पद्धत छापली, आकडे छापले, तपासायला जागा ठेवली. नव्या गोष्टीच्या पहिल्या माणसाकडून याहून जास्त मागणं अन्याय आहे. मग काहीच देणं लागत नव्हतं का? लागत होतं, पण ते एकट्या त्या तिघांवर नव्हतं. आप्ताची पहिली अट, खरोखर माहीत असणं, ही एकट्या माणसाला पुरी करता येत नाही. चाचणीतली आपली चूक आपल्याला दिसत असती तर ती राहिलीच नसती. ती दिसायला दुसरा कुणी लागतो, आणि त्या दुसऱ्याला ते काम करावंसं वाटायला हवं. जबाबदारी सामूहिक आहे म्हटलं की ती हवेत विरते, हे मलाही माहीत आहे. पण इथे ती हवेत नाही. ती अगदी ठोस ठिकाणी आहे: कोणत्या प्रकल्पाला पैसे मिळतात, कोणता प्रबंध स्वीकारला जातो, कोणत्या निबंधाला मथळा मिळतो.

‘दुप्पट ताठ’ या निष्कर्षाला मथळा मिळतो. ‘नेहमीइतकाच ताठ’ याला मिळत नाही. पीएचडीची चार-पाच वर्षं घालून एखाद्या मुलीनं पापुद्रे बनवले, मोजले, आणि शेवटी काही विशेष नाही असं निघालं, तर मुलाखतीत ती काय सांगणार? तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाला १५ टक्के वाढ मिळाली असेल तर तो भाग्यवान ठरतो, आणि ती वाढ उंचीच्या घनातून आली का हे विचारायला दोघांनाही वेळ नसतो. अशा व्यवस्थेत सगळे शंभर टक्के प्रामाणिक असूनही एक खोटी गोष्ट वर्षानुवर्षं जिवंत राहू शकते. कुणीही ती पाळत नाही, पण तिला मारायला कुणी जात नाही. मला वाटतं, ‘काही सापडलं नाही’ हे काळजीपूर्वक सांगणाऱ्याला आपण जी किंमत देतो, तीच त्या क्षेत्राच्या नैतिकतेची खरी पातळी असते. वैयक्तिक सच्चेपणा हा त्याचा फक्त एक भाग. पत्रकारितेत, औषधांच्या चाचण्यांत हीच गोष्ट याहून महागात पडते, तिथे माणसं मरतात.

एवढं वाचून कुणी शहाणपणानं म्हणेल, थरांच्या जादूवर विश्वास ठेवणारे भाबडेच होते. तसं मुळीच नाही. पीटर ग्र्यूनबर्ग जर्मनीतल्या युलिशचे. ते काही काळ अरगॉनला जाऊन राहिले, आणि तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लोखंड-क्रोमियम-लोखंड अशा थरांवर हेच ब्रिल्वाँ विकिरण वापरलं, फक्त ध्वनिलाटांऐवजी चुंबकीय लाटा ऐकायला. १९८६ मध्ये त्यांनी छापलं की मधल्या क्रोमियममधून दोन्ही लोखंडी थर एकमेकांशी उलट्या दिशेनं जुळवून घेतात. त्यातून १९८८ मध्ये त्यांना, आणि स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांना, अशा थरांचा विद्युतरोध चुंबकानं जोरदार बदलतो हे सापडलं. हार्ड डिस्क वाचणारी टोकं त्यावर चालली, आणि २००७ चं नोबेल दोघांना मिळालं. म्हणजे त्याच काळात, त्याच प्रयोगशाळेत, त्याच तंत्रानं, ‘थर पातळ केले की काहीतरी अनपेक्षित घडतं’ ही तीच आशा बाळगणाऱ्या एका माणसाला खरोखर काहीतरी सापडलं. आशा दोन्हीकडे सारखीच होती. तिच्याकडे बघून कोण बरोबर निघणार हे आधी कुणालाच सांगता आलं नसतं, आणि आशा नसती तर दोन्हीकडे कुणी मोजायलाच बसलं नसतं.

आणि तो तांबं-नायोबियमचा खड्डा? तो टिकला. दुप्पट ताठपणा गेला, पण थर पातळ झाल्यावर ते एकमेकांवर जास्त सहज घसरतात हा मऊपणा इतर जोड्यांतही दिसला. मॉलिब्डेनम आणि निकेलच्या थरांवर १९८३ मध्ये त्याच गटानं तो दाखवला. सोबत क्ष-किरणांनी मोजलं तेव्हा असंही दिसलं की जिथे पापुद्रा मऊ होतो तिथेच थरांना लंब दिशेत अणूंच्या ओळींमधलं सरासरी अंतर किंचित वाढलेलं असतं.